खुंटावरची हूल

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा सराव संपल्यावर बूट सोडता सोडता तू म्हणालीस, "सर, बाकीच्या मुली लहानपणापासून बास्केटबॉल खेळतायत. मी सोळाव्या वर्षी आले. माझी आठ वर्षं खो-खोत फुकट गेली." तेव्हा दिवे बंद करायला माणूस येऊन उभा होता, म्हणून गप्प राहिलो. पण ते 'फुकट' घरापर्यंत टोचत राहिलं, म्हणून हे पत्र.

तुला लागोसच्या एका मुलाचं सांगतो. हकीम ओलाजुवान, पुढे बास्केटबॉलचा मोठा खेळाडू झाला तो. जन्म 1963 चा, नायजेरियातला, आईवडिलांचा सिमेंटचा व्यवसाय. शाळेत हा फुटबॉलचा गोलकीपर आणि हँडबॉलचा खेळाडू. पंधरा वर्षांचा होईपर्यंत बास्केटबॉल खेळलाच नव्हता. डंक, म्हणजे उंच उडी मारून बॉल वरून थेट रिंगमध्ये घालणं, कसा मारतात हे दाखवायला प्रशिक्षक खुर्चीवर चढले, वरून बॉल रिंगमध्ये घातला आणि म्हणाले, आता तू कर. तर हाही खुर्चीवरच चढायला निघाला! खुर्ची बाजूला केली, तेव्हा जवळपास सात फूट उंची असूनही त्याला ते जमलं नाही, असं सांगतात.

1980 साली तो अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठात चाचणीसाठी गेला. विमानतळावर घ्यायला कुणी नव्हतं. फोन केला तर म्हणाले, टॅक्सी करून ये. पहिला हंगाम सामन्याविना गेला. दुसऱ्या हंगामात बाकावरून उठून थोडा वेळ खेळायला मिळायचं, सरासरी गुण 8.3. तू सध्या जिथे आहेस ना, तीच ही जागा.

मग त्याने काय केलं ते नीट वाच. प्रशिक्षकांना विचारलं, मी कुठे कमी पडतो? त्यांनी त्याला फोंडे रिक्रिएशन सेंटरमध्ये मोझेस मलोनकडे पाठवलं. मलोन तेव्हा ह्यूस्टन रॉकेट्स संघाचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू; एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा 1982 चा सर्वोत्तम खेळाडू. उन्हाळाभर या पोराने त्याच्याशी एकास एक झुंज घेतली. रिबाउंडसाठी, म्हणजे नेम चुकून परत आलेला बॉल पकडायला, अंगावर अंग घासून उभं राहायचं, ढकललं जायचं, पुन्हा उभं राहायचं. परतला तो वेगळाच खेळाडू होऊन. म्हणून सांगतो, रविवारी थोरल्या मुलींच्या संघासोबत खेळायला टाळाटाळ करू नकोस. तिथे मार बसेल, बसू दे.

पण मला खरं सांगायचंय ते त्याच्या पायांबद्दल. रिंगमागच्या बोर्डाकडे पाठ करून तो उभा असायचा. बॉल हातात आला की आधी एक खांदा टाकायचा. बचाव करणारा तिकडे झुकला की पिव्होट पायावर, म्हणजे जमिनीवर रोवलेल्या पायावर, उलटा वळायचा. आता नेम धरतोय असं वाटून समोरचा उडी मारायचा, आणि हा त्याच्या काखेखालून पुढे सरकून बॉल अलगद बोर्डाला लावायचा. याला लोक 'ड्रीम शेक' म्हणाले. तो स्वतः सांगत आलाय की हे फुटबॉल आणि हँडबॉलमधून आलं. आपल्या भाषेत याला साधा शब्द आहे: हूल. 1995 च्या उपांत्य लढतीत डेव्हिड रॉबिन्सनलासुद्धा, जो त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, या हुलीचं उत्तर सापडलं नाही. आणि ब्लॉक, म्हणजे रिंगकडे निघालेला बॉल हवेतच अडवणं? एनबीएत 3,830. तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. मला त्यात प्रत्येक वेळी गोलकीपरचे हात दिसतात.

पुढचं थोडक्यात. 1983 च्या विद्यापीठ अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी त्याच्या डोळ्यांदेखत बास्केट पडली आणि संघ 54-52 असा हरला. पुढच्या वर्षीही अंतिम फेरीत हार. मग एनबीएत गेला, तर 1986 ला तिथल्या अंतिम लढतीतही हार. पहिलं विजेतेपद 1994 मध्ये मिळालं, तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. त्याच हंगामात सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम लढतीचा मानकरी हे तिन्ही मान त्याला मिळाले. एकाच हंगामात हे दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. 1995 ला पुन्हा विजेतेपद. तो निवृत्त झाल्यावर कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्ससारखे एनबीएचे दिग्गज त्याच्याकडे हेच पाय शिकायला गेले.

एक गोष्ट कबूल करतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे कबड्डीतून आलेला एक मुलगा होता. "तिकडचं सगळं विसर," असं मी त्याला रोज बजावायचो. त्याने ऐकलं, सगळं विसरला, आणि चारचौघांसारखा खेळायला लागला. वर्षभरात मैदान सोडून गेला. ती चूक सर्वस्वी माझी होती आणि ती मला अजून सलते. तुझ्या बाबतीत ती करायची नाहीये.

ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत नेणं, तुला शिकावा लागेल, डावा हात तर फारच कच्चा आहे. रोज दोनशे वेळा, भिंतीकडे तोंड करून, बॉलकडे न बघता. त्याला पर्याय नाही. पण खुंटाजवळ पाठलाग करणारीला एका बाजूला झुकवून दुसरीकडून निसटताना तुझी कंबर आणि टाच जे करतात, ते मी इथल्या एकाही मुलीला शिकवू शकलेलो नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला ये, बाकीच्यांच्या अर्धा तास आधी. बॉल लागणार नाही. बोर्डाच्या खांबालाच खुंट समजू, मी पाठलाग करतो. तुझी ती हूल मला आधी सावकाश करून दाखव, मग जोरात.

तुझे,
सर