पदवीला जीवशास्त्र आहे. जलजीवशास्त्राकडे वळायचं तर रसायनशास्त्र सोडलं तर चालेल का?

नाही चालणार. तुम्ही लिहिलंय की मासे आणि प्रवाळ यांची ओढ आहे, पण रसायनशास्त्र नकोसं वाटतं. प्रवाळाचा सांगाडाच कॅल्शियम कार्बोनेटचा. समुद्राचा सामू (pH) उतरला की तो बांधणं त्याला जड जातं. आता यातलं रसायनशास्त्र वेगळं कसं काढणार?

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला मी एक तळं घेतलं होतं. शेवाळाने इतकं दाटलेलं, की सेकी तबकडी, म्हणजे पाणी किती नितळ आहे ते बघायला खाली सोडतात ती चकती, वीतभर खाली गेली की दिसेनाशी व्हायची. ऐन उन्हाळ्यात एका सकाळी मासे मरून काठाला लागले. जो तो म्हणे, कुणीतरी विष कालवलं. माझ्याकडे दीड महिन्याच्या डीओच्या (पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या) नोंदी होत्या, सगळ्या दुपारी दोनच्या, कारण प्रयोगशाळा तेव्हा मोकळी असायची. लिटरला १३-१४ मिलिग्रॅम. २५ अंशांच्या पाण्यात हवेतून मुरून साधारण ८.३ मावतो, म्हणजे माझं तळं ऑक्सिजनने ओसंडत होतं. मार्गदर्शक म्हणाले, "ऑक्सिजन भरपूर आहे, कारण दुसरं असणार. तू शेवाळाच्या जाती ओळख, बाटल्या केमिस्ट्रीवाल्यांवर सोड."

मला पटेना. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मैत्रिणीला घेऊन तळ्यावर गेले. पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलरची रीत १८८८ सालची आहे आणि एका दुपारीत हाताला बसते. बुडबुडा न अडकवता बाटली भरली, मँगनीज सल्फेट घातलं, मग अल्कली आयोडाइड. दुपारी याच टप्प्यावर गर्द तपकिरी साका धरायचा. त्या पहाटे तो पांढरा आला. टॉर्चच्या उजेडात बाटली पुन्हापुन्हा उलटीसुलटी केली, तरी पांढराच. मँगनीजला तपकिरी करायला लागतो तेवढा ऑक्सिजनही त्या पाण्यात उरला नव्हता. दिवसा ऊन असेतो शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तेच तो ओढून घेतं. मासे मरायला विषाची गरजच नव्हती.

अहवालात दुपारचा तक्ता राहिला. पहाटेची नोंद "वेळापत्रकाबाहेरची" म्हणून काढून टाकली गेली. हे मला आजही सलतं.

तेव्हा रसायनशास्त्र ठेवा, जमलं तर संख्याशास्त्रही घ्या. मार्गदर्शक ठरवण्याआधी एकच विचारा: नमुने किती वाजता घेता? "आपल्या सोयीने" असं उत्तर आलं तर दुसरा मार्गदर्शक शोधा.

जाती ओळखणं बिनकामाचं आहे असं मात्र मी म्हणत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बसल्याशिवाय या विषयात गती नाही. आणि दिवसरात्रीचा एवढा फरक शेवाळाने भरलेल्या पाण्यातच दिसतो, थंड आणि स्वच्छ तळ्यात तो फारच कमी असतो. अंधारात पाण्यावर एकट्याने जाऊ नका, हेही आहेच.

शेवटी, रसायनं बिघडली असतील असंही तेव्हा मला ऐकवलं गेलं होतं. तीच रसायनं मी त्याच दिवशी दुपारी दोनला, त्याच काठावर पुन्हा वापरली होती. साका तपकिरी आला.