ताई, आठवड्याला एक प्रसंग पुरे

ताई, मुलांना घरी बायबल शिकवायला रोज नवा धडा कुठून आणू, असं विचारलंत. रोज धडा शोधायच्या मागे लागू नका. आठवड्याला एक प्रसंग पुरे.

गेल्या ऑक्टोबरात दिंडोरीकडे द्राक्षबागेत छाटणी चालली होती. नातवानं विचारलं, "आजोबा, चांगल्या काड्या का कापतात?" तिथंच, बांधावर उभ्या उभ्या बायबलातला योहान 15 (योहानाच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय) सांगितला: फळ देणारा फाटाही माळी छाटतो, जास्त फळ यावं म्हणून. पोरानं खालची काडी उचलून कितीतरी वेळ निरखली. घरी पाटावर बसवून सांगितलं असतं तर ऐकलं नसतं!

नवख्यांच्या हमखास चुका दोन:
- मूल रडत असतानाच बायबलचं वचन ऐकवणं. आधी जवळ घ्या.
- प्रत्येक भांडणाला उपदेश जोडणं.

आणि चूक आपली असेल तर मुलाला "माफ कर" म्हणा. क्षमा त्याला यातूनच कळते. वचनांच्या पाठांतराचं पुढं बघू.