नवरा मारहाण आणि जबरदस्ती करतो, बहिणीची एचआयव्ही तपासणी करावी का? नवऱ्याला कळेल का?

तुम्ही लिहिलंय की परवा रात्री बहिणीला नवऱ्याने मारलं, मग जबरदस्ती केली. त्याचे बाहेर संबंध आहेत हे तिला माहीत आहे. दवाखान्यात कपाळाला टाके घालून तिला घरी पाठवलं, बाकी कुणी काही विचारलं नाही.

आधी घाईचं सांगते. परवा रात्रीपासून ७२ तास अजून उलटलेले नाहीत. एवढ्या मुदतीत पीईपी नावाचं औषध सुरू केलं तर एचआयव्हीची लागण टाळता येते. रोज एक गोळी, २८ दिवस. जितक्या लवकर घेतली तितका उपयोग जास्त, म्हणून माझं बाकीचं उत्तर मागाहून वाचा. तिला जिल्हा रुग्णालयात न्या, ओपीडी बंद असेल तर कॅज्युअल्टीत. "जबरदस्तीचा संबंध आला आहे, पीईपी हवी आहे," असं स्पष्ट सांगा. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही तेव्हाच मागा. तिची चाचणी करतील, पण निकालासाठी पहिली गोळी थांबवायची नसते. आजच्या चाचणीवरून परवाचं काही कळत नाही, त्याआधीचं कळतं. म्हणून पुढे सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं.

मी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राची, समुपदेशक होते. एक बाई आमच्याकडे गरोदरपणातल्या नेहमीच्या रक्ततपासणीला आली आणि पॉझिटिव्ह निघाली. तिचे जुने केसपेपर काढले, तर त्याआधी ती तीनदा ड्रेसिंगला येऊन गेली होती. तिन्ही कागदांवर 'पडून इजा'. ड्रेसिंगच्या खोलीपासून माझी खोली वीस पावलांवर, पण तिला तिकडून कुणी माझ्याकडे पाठवलं नाही. आणि मी तरी काय करत होते? समोर बसलेल्या प्रत्येकीला "कंडोम वापरायला सांगा, नवऱ्याला तपासणीला घेऊन या" एवढंच सांगत होते. कंडोमचं नाव काढलं म्हणून जिला मार बसतो, तिला मी हे सांगत होते! त्या बाईनंतर मी आधी "घरी त्रास आहे का?" हे विचारायला लागले. सोबत आलेल्या सासूला किंवा नवऱ्याला बाहेर बसवायचं, 'सगळ्यांसाठी हाच नियम आहे' म्हणायचं, म्हणजे संशय येत नाही.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या २८ हजारांहून जास्त विवाहित स्त्रियांच्या माहितीवरून केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. नवऱ्याची मारहाण आणि लैंगिक जबरदस्ती दोन्ही सोसणाऱ्यांत एचआयव्हीचं प्रमाण ०.७३ टक्के होतं, हिंसा न सोसलेल्यांत ०.१९ टक्के. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं ते याच विचाराने, की मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाण्याआधी दवाखान्यात येते, तेव्हा तिच्याशी तिथेच बोलायला हवं. जिथे टाके घालतात तिथेच पीईपीचं विचारलं गेलं पाहिजे आणि जिथे रक्त तपासतात तिथे मारहाणीचं. तुमच्या बहिणीच्या बाबतीत ते झालं नाही, म्हणून आता तुम्हाला दोन्हीकडचं बोलावं लागेल.

नवऱ्याला कळेल का? तिच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. जोडीदाराला कळवण्याची तरतूद २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात आहे, पण कळवल्याने बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल तर कळवू नये, हेही त्याच कायद्यात लिहिलं आहे. ही भीती तिने समुपदेशकाला तोंडाने सांगायला हवी. न सांगता ती कुणाला कळणार नाही.

तक्रार करायचीच असं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आधी तक्रार नोंदवली नाही म्हणून रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत. लग्नातली जबरदस्ती आपल्या फौजदारी कायद्यात अजून बलात्कार मानली जात नाही, हे मला आजही पटत नाही. पण २००५ च्या कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट शब्दांत आहे, आणि राहत्या घरातून तिला बाहेर काढता येत नाही हेही. याच कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी किंवा सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र, इथे ती वाटेल तेव्हा जाऊ शकते. महिलांसाठी १८१ आणि एचआयव्हीसाठी १०९७ हे क्रमांक तिला पाठ करायला सांगा, मोबाइलमध्ये ठेवू नका.

राहिल्या गोळ्या. २८ दिवस घरात लपवणं सोपं नाही. डबीवरचं लेबल वाचून ओळखता येतं, म्हणून साध्या डबीत काढून घ्या आणि 'रक्तवाढीच्या गोळ्या' म्हणा. माहेरी राहता आलं तर उत्तमच. ती नवऱ्याकडे परत जाणार असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, कारण पुन्हा जबरदस्ती झाली तर पुढचं वेळापत्रक बदलतं.

आज रात्रीच निघा. तिला वाटेत काही बोलायचं नसेल तर बोलू नका. केसपेपरच्या खिडकीवर तुम्ही बोला, आत तिला एकटीला जाऊ द्या.