वाचक विचारतात : नात्यांवरचं सल्ला-सदर चालवायचं असेल तर…

प्रेम, लग्न आणि नातेसंबंधांवरच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर लिहायचं असेल तर सुरुवात कुठून करायची, अशी विचारणा करणारी बरीच पत्रं ठाणे-नवी मुंबईतून आली. त्यातली सहा निवडली आहेत. सदरलेखन, समुपदेशन आणि कायदा या तिन्ही बाजू जाणणाऱ्या आमच्या सल्लागारांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मानसशास्त्रात बी.ए. केलंय, सध्या एचआरमध्ये नोकरी करते. मैत्रिणी आपली सगळी भांडणं माझ्याकडेच घेऊन येतात. असं सदर लिहायला कोणती पदवी लागते? – वाचक, ऐरोली

सदर लिहायला कायद्याने कोणतीही पदवी किंवा परवाना लागत नाही. प्रश्न येतो तो नावापुढे काय लावता याचा. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायचं असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी हवी. बी.ए.च्या बळावर ते बिरुद लावू नका. ‘समुपदेशक’ हा शब्दही रीतसर प्रशिक्षण झाल्याशिवाय वापरू नका. ‘सदरलेखक’ एवढं पुरेसं आहे.

पदवीची सक्ती नसली तरी तयारीला सुट्टी नाही. मैत्रिणीशी बोलताना तिचा चेहरा दिसतो, मध्येच अडवून विचारता येतं, चुकलं तर दुसऱ्या दिवशी फोन करून सावरता येतं. छापील उत्तराला यातलं काहीच नसतं. म्हणून समुपदेशनाची मूलतत्त्वं शिका. इग्नूचा समुपदेशन आणि कुटुंब उपचार या विषयातला एम.एस्सी. अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालत आला आहे. त्याचे प्रवेश आता होतात का, ते आधी बघून घ्या. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मनआरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. तिच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.

आणि तुमच्या आधी मराठीत हे काम कुणी केलं तेही वाचा. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवलं आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना न लाजता उत्तरं दिली. त्या उत्तरांपायी १९३४ मध्ये खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. निकाल विरोधात गेला, तरी मासिक थांबलं नाही. आज आपण ज्या मोकळेपणाने लिहितो, तो असा मिळालेला आहे.

प्रश्न : पत्र हातात आल्यापासून उत्तर छापून जाईपर्यंत नेमकं काय काय करायचं असतं? – वाचक, नौपाडा

या कामातला मोठा भाग वाचनाचा आहे. उत्तरं बिघडतात ती बहुतेक वेळा पत्र घाईत वाचल्यामुळे.

एक नमुना घेऊ. मुलगी २७ वर्षांची, साखरपुडा झालाय, लग्न डिसेंबरात. होणारा नवरा भेटला की तिचा फोन उघडून दाखवायला सांगतो. ती लिहिते : “आई म्हणते, काळजीपोटी करतो गं. हॉल बुक झालाय, पत्रिका छापायला टाकल्यात. मी जास्तच विचार करतेय का?”

पहिल्या वाचनात हातात पेन घेऊ नका. दुसऱ्या वाचनात तीन गोष्टींखाली रेघ मारा. पहिली, शब्दशः विचारलेला प्रश्न : ‘मी जास्तच विचार करतेय का?’ दुसरी, पत्रात तिच्याखेरीज आणखी कुणाचा आवाज आहे : इथे आईचा. आणि तिसरी, जे लिहिलेलंच नाही ते. या पत्रात ती फोन दाखवायला नाही म्हणाली तर काय होतं, हे कुठेच नाही. सगळं उत्तर त्या न लिहिलेल्या ओळीवर उभं राहतं. तो फुरंगटून बसतो आणि तासाभरात विसरतो, ही एक गोष्ट. तो हात पिरगळून फोन घेतो, ही अगदी वेगळी. तिला परत विचारण्याची सोय असेल तर विचाराच. नसेल तर उत्तरात दोन्ही शक्यता स्वतंत्र लिहा आणि कोणती आपली ते तिला ठरवू द्या.

मग लिहायला बसा. पहिल्या वाक्यात तिच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : नाही, तुम्ही जास्त विचार करत नाही. त्यानंतर तिला तोंडाने उच्चारता येईल असं एक वाक्य द्या. ‘संवाद साधा’ हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण काय बोलायचं हेच तर तिला सुचत नाहीये. त्याऐवजी असं लिहा : “माझा फोन मी कुणालाच दाखवत नाही, आईलाही नाही. तुला काही विचारायचं असेल तर विचार, मी खरं सांगेन.” एवढं वाक्य ती पाठ करू शकते.

पुढचा भाग कुठे आणि केव्हा बोलायचं याचा, आणि तोच नेमका विसरला जातो. वन-बीएचकेमध्ये चार माणसं राहत असतील तर ‘निवांत बसून बोला’ म्हणणं सोपं आहे. ठाण्याच्या तलावपाळीवर बसावं तर मामा-मावशीपैकी कुणीतरी दिसतंच. खारघरच्या सेंट्रल पार्कसारखी, दिवसाउजेडी माणसं असतात पण ओळखीची नसतात अशी जागा सुचवा. त्याच्या घरी किंवा गाडीत हा विषय काढू नका, हेही स्पष्ट लिहा.

शेवटी मर्यादा आखून द्या : त्याने फोन हिसकावला, धमकी दिली, फोटो पसरवीन म्हणाला, तर लग्न पुढे ढकला आणि मदत घ्या. हॉलचं डिपॉझिट बुडण्याची भीती उत्तरात नाव घेऊन लिहा. अशा पत्रांतल्या मुली बऱ्याचदा त्या पैशांपायी आणि ‘लोक काय म्हणतील’पायी अडकलेल्या असतात. ते न बोलता पुढे गेलात, तर सल्ला बरोबर असूनही ती तो वापरणार नाही.

मासिकात पत्राला साधारण १२० शब्द आणि उत्तराला ३०० शब्द धरा. उत्तर लिहून झालं की एक रात्र तसंच ठेवा. सकाळी मोठ्याने वाचा, एकदा त्या मुलीच्या जागी बसून आणि एकदा त्या मुलाच्या. मुलगा वाचताना ‘माझ्याबद्दल असं कसं ठरवलं?’ म्हणू शकत असेल, तर तुम्ही न पाहिलेल्या माणसावर निकाल दिला आहे. ‘तो नार्सिसिस्ट आहे’, ‘ही टॉक्सिक आहे’ अशी लेबलं एका बाजूच्या १२० शब्दांवरून लावता येत नाहीत. वागणुकीबद्दल लिहा : फोन तपासणं चूक आहे. तो माणूस कसा आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही.

मासिकाची तयारी महिना-दीड महिना आधी सुरू होते, याचंही भान ठेवा. ‘परवा बघायला येणार आहेत, काय करू?’ या पत्राचं उत्तर अंकात देऊन उपयोग नाही. ते मेलवर दोन ओळींत द्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात मी असं सदर सुरू करतेय. नावं बदलली की झालं ना? – वाचक, खारघर

नाही. नाव ही ओळख पटवणारी सर्वांत कच्ची खूण आहे. ‘माइंडस्पेसमध्ये नोकरी’ हजारो जणांची असते, ‘उरणहून लोकलने येते’ शेकडो जणींचं असतं, ‘नवरा मर्चंट नेव्हीत’ आणि ‘जुळी मुलं’ हेही एकेकटं चालतं. चारही एका पत्रात आली की त्या बाईला तिची नणंद पहिल्याच परिच्छेदात ओळखते.

बदल करताना पत्रातले तपशील दोन गटांत वेगळे काढा. ज्यावर प्रश्न उभा आहे ते बदलू नका : नवरा सहा-सहा महिने बाहेर असतो, हे प्रश्नाचं मूळ असेल तर तसंच ठेवा, फक्त मर्चंट नेव्हीऐवजी ‘परगावची नोकरी’ लिहा. बाकीचं मोकळेपणी हलवा किंवा गाळा. वयं दोन-तीन वर्षांनी सरकवा, पण दोघांमधलं अंतर कायम ठेवा. जात, गाव, कंपनी, शाळा, स्टेशन प्रश्नाला लागत नसेल तर काढून टाका. पत्रलेखकाचे खास शब्दप्रयोगही बदला, कारण घरची माणसं त्यावरूनच ओळखतात. छापण्याआधी बदललेलं पत्र लिहिणाऱ्याला दाखवा आणि लेखी होकार घ्या.

सोसायटीच्या अंकाबद्दल मात्र आमचं मत ठाम आहे : तिथे खऱ्या पत्रांचं सदर चालवू नका. दोनशे घरांत कितीही बदल केले तरी अंदाज बांधले जातात, आणि चुकीचा अंदाज बांधला गेला तर पत्र न लिहिणारी बाईसुद्धा होरपळते. ‘साखरपुडा ते लग्न : ठरवून बोलायच्या गोष्टी’ असा सर्वसाधारण लेख द्या.

प्रश्न : मारहाणीचं किंवा जीव द्यायच्या विचाराचं पत्र आलं तर? – वाचक, पनवेल

आधी हे ठरवा की असं पत्र अंकाची वाट बघणार नाही. आलेली पत्रं रोज कुणीतरी उघडलीच पाहिजेत.

जीव देण्याचा विचार दिसला तर त्याच दिवशी छोटं, उबदार उत्तर पाठवा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२.

मारहाणीच्या पत्राला ‘दोघांनीही थोडं समजून घ्या’ हे उत्तर घातक आहे. ‘जोडीने समुपदेशनाला जा’ हेही तितकंच वाईट, कारण तिथे ती जे बोलेल त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. लिहायचं ते असं : महिलांसाठी हेल्पलाइन १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही हा कायदा लागू होतो. वकिलाच्या फीची धास्ती असते, म्हणून हेही सांगा की स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठीचा क्रमांक १५१००.

इथे एक चूक जिवावर बेतू शकते. फोन किंवा मेल नवराही बघत असेल, तर तुमचं उत्तर त्याच्याच हातात पडतं. म्हणून पत्र मागवतानाच ‘उत्तर कुठे पाठवू? की पाठवूच नको?’ असा रकाना ठेवा. पाठवायचं असेल तेव्हा विषयाच्या ओळीत मासिकाचं नाव किंवा ‘तुमच्या तक्रारीबद्दल’ असलं काही नको.

पत्र लिहिणारी व्यक्ती १८ वर्षांखालची असेल आणि त्यात लैंगिक अत्याचाराचा उल्लेख असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलीची संमती होती, मुलगाही जेमतेम १९ चा आहे, याने हे बंधन सुटत नाही. अत्याचार झालेल्या मुलीची किंवा मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. सदराच्या चौकटीतच लिहून टाका की १८ वर्षांखालच्यांनी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर बोलावं, आणि अशा पत्राबाबत आम्हाला पोलिसांना कळवावं लागू शकतं. मुलांना हे आधी कळणं त्यांचा हक्क आहे.

प्रश्न : अशा सदरातली पत्रं संपादकच लिहितात, असं ऐकलंय. खरं का? – वाचक, कळवा

नव्या सदराकडे सुरुवातीला पत्रं येत नाहीत, तेव्हा हा मोह होतो. तो टाळा. पहिले दोन-तीन महिने ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ असं उघड लिहून उत्तरं द्या. पत्रं आपोआप येऊ लागतात. रचलेलं पत्र ओळखू येतं, कारण त्यात सगळी माहिती सुसंगत असते. खऱ्या पत्रात माणूस मुख्य गोष्ट ता.क.मध्ये लिहितो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६१, अविवाहित. लोक म्हणतात, तुम्हाला काय कळणार संसारातलं! यात पैसे मिळतात का आणि संपादकाकडे काय घेऊन जायचं? – वाचक, घोडबंदर रोड

डॉ. महिंदर वत्स यांनी ‘मुंबई मिरर’मधलं लैंगिक प्रश्नांचं सदर २००५ मध्ये सुरू केलं, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. वयाचा अडसर मनातून काढा. अविवाहित असण्याचाही अडसर नाही. स्वतःच्या संसाराच्या मापाने दुसऱ्याचा संसार मोजण्याचा धोका उलट कमी होतो. तुम्हाला शिकायला लागेल ते आजच्या मुलांचं जग : डेटिंग अ‍ॅप, अचानक बोलणं तोडून गायब होणं, विवाह-संकेतस्थळावरून ओळख काढून पैसे उकळणं. शेवटच्यासाठी सायबर हेल्पलाइन १९३० पाठ हवी, आणि पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तर ते अडवले जाण्याची शक्यता जास्त, हेही. ‘पळून जाऊन उद्या रजिस्टर लग्न करतो’ म्हणणाऱ्यांना सांगता आलं पाहिजे की १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात आधी ३० दिवसांची नोटीस असते.

नुसत्या सदरावर घर चालत नाही. या क्षेत्रात टिकलेली माणसं महाविद्यालयांतली सत्रं, विवाहपूर्व मार्गदर्शन, कार्यशाळा अशी जोड देतात. मानधन प्रत्येक लेखामागे किती, किती दिवसांत मिळणार आणि खासगी उत्तरांचे वेगळे मिळणार का, हे तिन्ही आधी लेखी घ्या. खासगी उत्तरांत छापील सदरापेक्षा जास्त वेळ जातो. मुक्त लेखकाच्या मजकुराचा कॉपीराइट मुळात लेखकाचा असतो. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. ‘कायमस्वरूपी सर्व हक्क’ असं वाक्य दिसलं तर सही करण्याआधी बोला. एकाच संस्थेकडून वर्षाला ५० हजारांच्या वर मानधन गेलं की साधारणपणे १० टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिला नाही तर २० टक्के.

संपादकाकडे जाताना स्वतःवर लांब लेख नेऊ नका. तीन नमुना उत्तरं न्या, तीन वेगळ्या प्रकारची : एक घरच्यांनी ठरवलेल्या लग्नाचं, एक प्रेमसंबंधाचं, आणि एक जिथे तुम्ही सल्ला न देता योग्य ठिकाणी पाठवलं आहे असं. प्रश्न काल्पनिक आहेत असं वर लिहा. सोबत अर्ध्या पानावर तुमचे नियम : पत्रं कोण उघडणार, किती दिवस ठेवणार, कशी नष्ट करणार, कोणत्या प्रश्नांना उत्तर देणार नाही. बरेच इच्छुक हे अर्धं पान नेत नाहीत. संपादकाला मात्र सर्वांत आधी तेच हवं असतं, कारण काही चुकलं तर फोन त्याच्याकडे येतो.