दोन बादल्यांची विहीर

जळगाव-धुळे भागातील पालक मुलांच्या मोबाइलची तक्रार घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : “मारामारीचा गेम नाही मॅडम, पण दिवसभर नुसते ठोकळे रचत बसतो. यातून त्याला मिळणार काय?” मारामारीच्या खेळाला नाही म्हणणे सोपे असते, घर, पूल आणि शेत बांधणाऱ्या मुलाला कोणत्या तोंडाने रागवावे, हे मात्र पालकांना उमजत नाही. हाच प्रश्न वारंवार कानावर येत असल्यामुळे साक्री तालुक्यातील एका कुटुंबाची हकिकत येथे सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा सातवीत होता आणि गणितात काठावर पास होत होता. ठोकळे रचून आपले जग बांधण्याचा ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ खेळतो म्हणून वडिलांनी मोबाइल कपाटात कुलूपबंद केला होता आणि तेव्हापासून मुलाने घरात बोलणे जवळजवळ सोडले होते. “त्याला व्यसनच लागलं आहे,” असे आईने पहिल्याच भेटीत सांगितले. हा शब्द मी सहजासहजी मान्य करीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश आहे. परंतु खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ महत्त्वाचा ठरणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे ही लक्षणे साधारणपणे 12 महिने टिकून असावीत, अशी तेथे अपेक्षा आहे. हा मुलगा शाळेत जात होता, वेळेवर जेवत होता, मित्रांबरोबर क्रिकेट खेळत होता. त्यामुळे तो किती वेळ खेळतो हे मी विचारले नाही. काय बांधले आहे, हे विचारले.

“शेत,” तो म्हणाला. “नऊ बाय नऊचं. मधल्या एका ठोकळ्यात पाणी.”

“नऊच का? दहा का नाही?”

“पाणी चारही बाजूंना चार ठोकळ्यांपर्यंतच जमीन ओली ठेवतं. चार आणि चार आठ, मधला एक. एक्क्याऐंशीतून पाण्याचा एक गेला की पिकाला ऐंशी.”

मी आईकडे पाहिले. क्षेत्रफळाच्या गणितात हाच मुलगा लांबी आणि रुंदीची बेरीज करून येतो, अशी तिची तक्रार होती. येथे त्याने मर्यादा ओळखली होती, तिच्यावरून आकार ठरवला होता आणि वजाबाकीही विसरला नव्हता. फक्त हे गणित आहे, असे त्याला आजवर कोणी सांगितले नव्हते.

पुढच्या एका भेटीला मी आजोबांना मुद्दाम बोलावले. पांझरा नदीच्या काठच्या फड पद्धतीत, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घेण्याच्या जुन्या सिंचन पद्धतीत, त्यांची हयात गेली आहे : नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सर्वांचे एकच पीक आणि पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला. नातवाने त्यांना खेळातला पाट दाखवला. आजोबांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि अहिराणीत विचारले, “तुना पाटले उतार कोठे शे?”

त्यानंतरचा अर्धा तास मी जवळजवळ गप्प होते, आणि समुपदेशकाला गप्प बसणे साधले की पुष्कळ काही घडते, असा माझा अनुभव आहे. मुलगा सांगू लागला की, सपाटीवर पाणी सात ठोकळे जाऊन थांबते, म्हणून त्याने दर सात ठोकळ्यांनंतर एक पायरी खाली घेतली आहे. खाली पडले की पाणी पुन्हा सात ठोकळे धावते. आजोबांना हे पटले नाही. खऱ्या पाटाला पायऱ्या नकोत, सलग आणि बेताचा उतार हवा; उतार जास्त झाला की माती वाहून जाते आणि कमी झाला की गाळ साचतो, असे त्यांनी समजावले. मग मुलाने त्याची आवडती युक्ती दाखवली : दोन बाय दोनच्या खड्ड्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या पाणी ओतले की ती विहीर कधीच आटत नाही, कितीही उपसा.

आजोबा खळखळून हसले. “असं असतं तर आम्ही पाळ्या कशाला लावल्या असत्या रे?”

मुलगा गोंधळला. पाळी म्हणजे काय, पाणी कमी पडले तर कोणाचे पीक आधी, रात्री पाटावर लक्ष कोण ठेवते, असे प्रश्न त्याने एकामागून एक विचारले. पुढच्या भेटीला तो आला तेव्हा त्याने स्वतःच्या जगात ती अक्षय विहीर बंद केली होती, एकाच पाटावर तीन शेते बसवली होती आणि पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता वहीत काढून आणला होता. वहीत! ज्या मुलाला दोन ओळी लिहायला सांगितल्या की पोटात दुखत असे, त्याने हे न सांगता केले होते. अशा तक्त्यासाठीच मी या व्यवसायात टिकून आहे, असे म्हटले तरी चालेल.

मुलांच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर जिनिव्हात काम केलेले आणि 1967 मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवण्यात पुढाकार घेणारे सेमूर पॅपर्ट यांचे म्हणणे मला फार पूर्वीपासून पटलेले आहे : दुसऱ्याला दाखवता येईल अशी वस्तू मूल स्वतः घडवते, तेव्हा त्याचे शिकणे सर्वांत पक्के होते. या कुटुंबाने त्यात मला एका गोष्टीची भर घालून दिली. वस्तू दाखवायला समोर कोणीतरी जाणते असावे लागते, आणि त्याने कौतुकापेक्षा अडचणीचा प्रश्न विचारावा लागतो. एरवी खेळात शिकलेले खेळातच राहते. नियोजन, मोजमाप, मोठ्या कामाचे लहान तुकडे करणे, चुकलेले पाडून पुन्हा बांधणे हे सारे मूल तेथे करते. मात्र ते आपल्याला येते, याचा त्याला पत्ता नसतो.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे की, आधी मूल बांधते की दुसऱ्यांच्या बांधकामाचे व्हिडिओ पाहत बसते, हे तपासावे. दोन्हींना घरात ‘गेम’च म्हटले जाते, पण व्हिडिओ पाहताना निर्णय दुसऱ्याचे असतात. वेळेच्या भांडणावर या खेळातच एक उपाय आहे. त्यातला एक दिवस 20 मिनिटांचा असतो, तेव्हा ‘बंद कर’ असे ओरडण्याऐवजी ‘आज दोन दिवस’ असे आधी ठरवावे; भिंत अर्धवट असताना मोबाइल हिसकावल्यावर होणारा आकांत बहुतेक घरांत यामुळे कमी होतो. अनोळखी लोकांबरोबर ऑनलाइन खेळू देणे आणि पैसे भरून वस्तू घेऊ देणे, या दोन बाबतींत मात्र मी सवलत देत नाही. झोप, शाळा किंवा मित्र सुटू लागले असतील, तर ठोकळ्यांचे कौतुक बाजूला ठेवून वेळीच मदत घ्यावी.

या मुलाचे गणिताचे गुण वाढले का, असे पुढे त्याच्या वडिलांनी विचारले. क्षेत्रफळ आणि घनफळ सुधारले. शाब्दिक उदाहरणे अजून अडतात, कारण त्याचे वाचन संथ आहे आणि त्यावर खेळ हा उपाय नाही. त्यासाठी आई रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर एक उदाहरण मोठ्याने वाचते आणि आकडेमोडीला हात लावण्याआधी त्याचे चित्र काढायला सांगते. मोबाइल आता कपाटात नसतो.