कामासाठी जर्मनीला चाललोय. तिथं 'आइस नाइन किल्स' या मेटल बँडचा शो आहे. मेटल फारसं ऐकत नाही, तरी तिकिटाला पैसे घालावेत का?

घाला. खरं एक बघून घ्या: कार्यक्रम त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे का, आणि बंद हॉलमध्ये आहे का. मी त्यांना दोन्ही नसताना पाहिलं. मे 2024, म्युनिकचं ऑलिम्पिक स्टेडियम, मेटॅलिका या बड्या मेटल बँडच्या आधी वाजवणारा बँड म्हणून. मी बेळगावचा, उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. मशीनच्या ट्रेनिंगला गेलो होतो आणि रविवार मोकळा होता. मेटॅलिका शुक्रवारी एकदा आणि रविवारी एकदा वाजवणार होते, दोन्ही दिवशी गाणी वेगळी आणि आधीचे बँडही वेगळे. माझ्या वाट्याला हे आले.

बॉस्टनकडचा बँड. गायक स्पेन्सर चार्नास. 2018 पासून यांची बहुतेक गाणी एकेका भयपटावर बेतलेली असतात आणि स्टेजवर ती गोष्ट करून दाखवतात. अंगात रक्ताचे डाग पडलेले शर्ट, गाण्यागणिक मुखवटा बदलतो, हत्यार बदलतं, मधूनच एखादी नटी किंचाळत येते आणि मारली जाते. एका गाण्यात चार्नास पारदर्शक रेनकोट चढवून कुऱ्हाड घेऊन येतो. आमच्या बेळगावात जूनपासून सगळेच रेनकोटात, त्यामुळे मला आधी भीती वाटायच्या ऐवजी हसूच आलं.

आता मेटल न ऐकणाऱ्यासाठी एवढंच. हे वाजवतात ते मेटलकोर, म्हणजे हार्डकोर पंक (वेगवान, आरडाओरड्याचं रॉक) आणि मेटल यांची सरमिसळ. कडव्यात घसा खरवडून ओरडणं, ध्रुवपदात सरळ गाता येईल अशी चाल, आणि मग ब्रेकडाऊन: लय एकदम अर्ध्यावर उतरते, गिटार तुटक तुटक वाजायला लागते, ड्रम जड पडतो. खून नेमका तिथंच पडतो. कुऱ्हाड वर जाते ती ब्रेकडाऊनच्या आधीच्या क्षणभराच्या शांततेत, आणि खाली येते ती पहिल्या ठोक्यावर. शब्द कळले नाहीत तरी अडत नाही, कारण कधी काय होणार ते लयच सांगते. यूट्यूबवर हे गंमतीचं वाटतं. समोर उभं राहिल्यावर छातीत आदळतं.

म्युनिकला त्यांची पंचाईत अशी की मेटॅलिकाचं ते स्टेज मैदानाच्या मधोमध, गोल कड्यासारखं, आतल्या मोकळ्या जागेतही प्रेक्षक. विंग नाही, पडदा नाही, वर लख्ख ऊन. मेलेल्या नटीला सगळ्यांच्या देखत उठून चालत जावं लागतं! आपल्याकडच्या शिवजयंतीच्या चित्ररथांवर पोरं करतात ना, चारी बाजूंनी गर्दी आणि ट्रॉलीवर अफजलखानाचा वध, तसलाच प्रकार. फरक एवढाच की चित्ररथ रात्री निघतात, दिव्यांचा आधार असतो. यांना तोही नव्हता. तरी त्यांनी पुढचे लोक धरून ठेवले, हे मान्य करायला हवं. वरच्या पायऱ्यांवरचे मात्र बिअरच्या रांगेतच होते.

म्हणून म्हणतो, हॉल बघा. अंधार आणि प्रकाशयोजना नसेल तर यांचं निम्मं काम वाया जातं. एखाद्या फेस्टिवलमध्ये दुपारी वाजवणार असतील तर नुसत्या त्यांच्यासाठी मी तरी एवढे युरो घालणार नाही.

गेलात तर अगदी पुढं घुसू नका. ब्रेकडाऊनला मधे गोल मोकळा होतो आणि लोक एकमेकांवर आदळतात. मारामारी नसते, कोणी पडला तर आसपासचे लगेच उचलतात, खरं चष्मा असेल तर गेला समजा. साउंडवाल्याच्या टेबलाच्या आसपास उभे राहा, आवाज तिथं सगळ्यात नीट लागतो आणि नाटकही पूर्ण दिसतं. दोन-तीन गाण्यांच्या गोष्टी आधी वाचून ठेवा. पाठीवरची सॅक हॉटेलवरच ठेवा, तिकडं बऱ्याच ठिकाणी ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत सोडत नाहीत. आणि कानात बोळे घालाच. शॉपफ्लोअरवर मिळतात ते फोमचे पिवळे चालतात, चिमटीत बारीक दाबून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोट काढायचं नाही. मी खिशात दोन जोड नेले होते, एक शेजारच्या जर्मन पोराला दिला.