ओकमधली शार्डोने पहिल्यांदा चाखताना

शार्डोने म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन, आणि इथे ती ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली. बाटली फ्रीजमधून काढली की लगेच ओतू नकोस, वीसेक मिनिटं बाहेर राहू दे. अति गार असताना ही वाइन मुकी असते. १२-१३ अंशांच्या आसपास आली की बोलायला लागते. ग्लास मोठ्या पोटाचा घे आणि एक तृतीयांशच भर.

आधी न हलवता वास घे, मग ग्लास फिरवून पुन्हा. व्हॅनिला, भाजलेला पाव, जरासं खोबरं हे ओकच्या पिंपाचं देणं. लोण्याचा वास मात्र लाकडाचा नाही, आणि इथेच नवखे फसतात. जिवाणू द्राक्षातल्या बोचऱ्या मॅलिक आम्लाचं मवाळ लॅक्टिक आम्ल करतात, तेव्हा डायअसेटिल नावाचं वासाचं संयुग तयार होतं. खऱ्या लोण्यालाही वास येतो तो त्याचाच! शेजारी लोण्याचा तुकडा ठेवून हुंगून बघ, एकदम पटेल. मग सफरचंद, पेअर, लिंबू शोध. हे फळ लाकडाखाली दबलं असेल, तर पिंपाचा अतिरेक झालाय असं मी मानतो.

सोबत खायला भरदार काहीतरी हवं. लोण्यातला लॉबस्टर, भाजलेली कोंबडी, आणि माझ्या सगळ्यात आवडीचं म्हणजे क्रीममधले मशरूम. कच्च्या ऑयस्टरवर ओक जड होतो. तिथे फ्रान्समधल्या शाब्ली भागातल्यासारखी, बहुधा ओकविना केलेली शार्डोने घे. झणझणीत तिखट टाळ, अल्कोहोलमुळे जीभ आणखी भाजते. एक घोट, एक घास, पुन्हा घोट. दुसऱ्या घोटाला फळ जास्त जाणवलं, तर जोडी जमली.